डीएसपी क्रॉसओव्हर: फिल्टर डब्यात, जोड हवेत

माणसाच्या कानाला साधारण 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर या पट्ट्याच्या खालच्या टोकाला तरंगलांबी 17 मीटर भरते आणि वरच्या टोकाला 17 मिलिमीटर. दोन्ही टोकांना पुरा पडेल असा एकच पडदा बनवणे जवळजवळ अशक्य आहे. खर्जासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून पडदा मोठा हवा. तार आवाजांसाठी तो सेकंदाला हजारो वेळा मागेपुढे व्हायला हवा, म्हणून लहान आणि हलका हवा. त्यामुळे बऱ्यापैकी स्पीकरच्या पेटीत निदान दोन पडदे असतात: खालच्या पट्ट्यासाठी वूफर, वरच्यासाठी ट्विटर. येणारा संदेश या दोघांत वाटून देणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात.

नेहमीच्या स्पीकरमध्ये हे मंडल पेटीच्या आत, ॲम्प्लिफायर आणि पडद्यांच्या मध्ये बसवलेले असते. तारेच्या गुंडाळ्या आणि कपॅसिटर यांचे ते बनते, त्याला वेगळी वीज लागत नाही, म्हणून त्याला पॅसिव्ह म्हणतात. त्याची खरी अडचण अशी की पडद्याचा विद्युत अवरोध कधीच स्थिर नसतो. वूफरवर 8 ओहम लिहिलेले असले तरी अनुनादाच्या वारंवारतेला तो आकडा कितीतरी पट चढतो आणि वरच्या पट्ट्यात पुन्हा वाढत जातो. पडदा हलवणारी कॉइल तापली की तिच्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो आणि हिशेब आणखी सरकतो. शिवाय खालच्या वारंवारतेला तोडायचे तर गुंडाळी जाड आणि महाग होते, आणि तिच्यात काही शक्ती उष्णता होऊन जाते.

ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ही वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच होते, आणि प्रत्येक पडद्याला त्याचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. कॉइल आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये फक्त तार उरते. फिनलंडच्या ईसाल्मी गावातल्या जेनेलेक कंपनीने 1978 मध्ये तिथल्या सरकारी रेडिओसाठी एस-30 हा मॉनिटर बनवला तो याच पद्धतीचा होता, आणि पुढे ध्वनिमुद्रण स्टुडिओंमध्ये ॲक्टिव्ह मॉनिटर रुळत गेले. तेव्हा वाटणीचे काम रोधक, कपॅसिटर आणि ऑप-ॲम करत. आता ते डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे डीएसपी करतो. ध्वनीचे सेकंदाला 48,000 किंवा 96,000 नमुने घेऊन त्या आकड्यांवर गणित केले जाते आणि वेगवेगळ्या वाटांनी ते पुन्हा विद्युत संदेशात बदलून ॲम्प्लिफायरकडे पाठवले जातात. फिल्टर, विलंब, पातळी, इक्वलायझर, लिमिटर ही सगळी कामे त्या एकाच चिपमध्ये होतात. मिनीडीएसपीच्या तळहातावर मावणाऱ्या डब्यापासून साउंडवाल्यांच्या रॅकमधल्या डीबीएक्स ड्राइव्हरॅकपर्यंत आणि रास्पबेरी पायवर चालणाऱ्या कॅमिलाडीएसपीसारख्या फुकट सॉफ्टवेअरपर्यंत तत्त्व एकच आहे.

आकडे बदलणे इतके सोपे झाले की त्यातून एक गैरसमज जन्मला: स्क्रीनवर 2000 हर्ट्झ आणि दर सप्तकाला 24 डेसिबल असे निवडले की क्रॉसओव्हर लागला. तसे होत नाही. डब्यात लागतो तो फक्त फिल्टर. क्रॉसओव्हर घडतो तो पेटीसमोरच्या हवेत, जिथे वूफरची लहर आणि ट्विटरची लहर एकमेकींना भेटतात. फिल्टर कितीही अचूक असला तरी पडद्याचा स्वतःचा चढउतार, त्याची फेज (लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) आणि त्याची जागा यांची बेरीज त्यात होतेच. म्हणून डीएसपी लावण्याच्या कामातला मोठा भाग मोजण्यात जातो आणि आकडे भरण्याचा भाग त्यामानाने थोडक्यात उरकतो.

लहरी वेळेवर भेटल्या नाहीत तर काय होते हे हॉलिवूडला 1930 च्या दशकातच कळले होते. बेल प्रयोगशाळांनी 1933 मध्ये फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम तारेवरून वॉशिंग्टनला ऐकवला, तो दोन भागांत वाटलेल्या कर्ण्यांवर. चित्रपटगृहांसाठी तशीच व्यवस्था एमजीएम स्टुडिओत तपासली गेली तेव्हा टॅप नृत्याचा एकच ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. खर्जाचा कर्णा लांबलचक होता. त्याच्या घडीतून आवाज बाहेर पडेपर्यंत वरच्या कर्ण्याचा आवाज श्रोत्यापर्यंत पोचूनही जाई. स्टुडिओतल्या डग्लस शिअरर यांच्या ध्वनिविभागात जॉन हिलियर्ड आणि सहकाऱ्यांनी खर्जाचा मार्ग आखूड करून नवा कर्णा बनवला, आणि त्या कामाला 1936 सालासाठीचे ऑस्करचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. त्यांना त्यासाठी लाकूड कापावे लागले. आज तेच काम विलंबाच्या रकान्यात एक आकडा भरून होते, फक्त तो आकडा कोणता हे मोजून काढावे लागते.

पुढचे विवेचन एका साध्या पेटीला धरून केलेले बरे: साडेसहा इंची वूफर, एक इंची घुमटाकार ट्विटर, दोन ॲम्प्लिफायर आणि एक डीएसपी. घरातल्या ॲक्टिव्ह स्पीकरची हीच सर्वांत रुळलेली जोडी आहे, आणि मोठ्या मांडवातल्या ‘टॉप’ आणि ‘बेस’च्या भिंतीलाही नियम तेच लागतात.

पहिला टप्पा जोडणीचा, आणि सर्वाधिक ट्विटर याच टप्प्यावर जळतात. पॅसिव्ह पेटीत ट्विटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो, त्यामुळे चुकून काही झाले तरी खर्ज त्याच्यापर्यंत पोचत नाही. ॲक्टिव्हमध्ये तो पहारा नाही. डीएसपीत रिकामा प्रीसेट उघडला, किंवा आउटपुट एक आणि दोनच्या वायरी उलट गेल्या, तर पूर्ण ताकदीचा खर्ज त्या नाजूक कॉइलवर येतो. ॲम्प्लिफायर चालू-बंद होतानाचा धक्काही थेट तिथेच बसतो. म्हणून जाणकार ट्विटरशी एकसर एक मोठा कपॅसिटर ठेवतात. 8 ओहमच्या ट्विटरला 40 मायक्रोफॅरड लावला तर त्याचा परिणाम 500 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, म्हणजे 2000 हर्ट्झच्या जोडापासून बराच खाली. त्याने फेजमध्ये पडणारा किरकोळ फरक मोजमापात आपोआप पकडला जातो. वूफरची दिशा तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो: धन टोक लाल खुणेला क्षणभर टेकवले की पडदा पुढे यायला हवा. ट्विटरवर हा प्रयोग करू नये.

त्यानंतर पातळ्यांची घडी बसवावी लागते. डिजिटल यंत्रात कमाल पातळीच्या वर काहीच नसते. तिथे पोचलेली लहर सरळ कापली जाते आणि तो कर्कशपणा ट्विटरच्या वाट्याला जातो. उलट संदेश फार खाली ठेवला तर यंत्राची स्वतःची खरखर त्याच्या जवळ येते. इक्वलायझरमध्ये कुठेही 6 डेसिबल वाढवले असतील, तर तेवढी जागा आधीच मोकळी सोडावी लागते. कर्ण्यावरच्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरला ही बाब फार जाचते. त्याची संवेदनक्षमता साध्या शंकूपेक्षा 10 ते 15 डेसिबलने जास्त असते. ती डीएसपीत खाली ओढली तर संगीत खाली येते, पण डीएसपीच्या आउटपुटची आणि ॲम्प्लिफायरची सरसर आहे तेवढीच राहते आणि शांत खोलीत ती ऐकू येते. ती कमी करायची तर ॲम्प्लिफायरचा गेन उतरवावा लागतो किंवा ड्रायव्हरच्या आधी रोधकांची जोडी बसवावी लागते.

आता मोजमाप. त्यासाठी लागतो कॅलिब्रेट केलेला मायक्रोफोन, एक लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझार्डसारखे सॉफ्टवेअर. ते मोफत मिळते, आणि मायक्रोफोनची किंमत एखाद्या बऱ्या ट्विटरएवढी असते. खर्जापासून वरपर्यंत चढत जाणारा एक सूर पेटीतून वाजवला जातो. मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजावरून सॉफ्टवेअर पेटीचा आवेग-प्रतिसाद काढते, म्हणजे एका क्षणिक टिचकीला पेटी कसे उत्तर देईल ते. त्यातून पातळी आणि फेज दोन्ही मिळतात. चढत्या सुराची ही पद्धत इटलीतल्या आंजेलो फरिना यांनी 2000 मध्ये मांडली, आणि आज बहुतेक साधने तीच वापरतात.

घरात मोजताना खोलीही आपला आवाज मिसळते. पेटी आणि मायक्रोफोन दोन्ही जमिनीपासून 1.2 मीटर उंच आणि एकमेकांपासून 1 मीटरवर ठेवले, तर जमिनीवरून उसळून येणाऱ्या आवाजाला 2.6 मीटर अंतर कापावे लागते. थेट आवाजापेक्षा तो साधारण 4.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यातलाच भाग ठेवून पुढचा कापून टाकला तर खोली बाजूला पडते. या कात्रीची किंमतही आहे: 4.7 मिलिसेकंदांच्या खिडकीतून सुमारे 215 हर्ट्झच्या खालचे काही खात्रीने सांगता येत नाही. 2000 हर्ट्झच्या जोडासाठी ते पुरते. खर्जासाठी मायक्रोफोन वूफरच्या पडद्याला जवळजवळ टेकवून मोजतात, कारण इतक्या जवळून पडद्याचा थेट आवाज खोलीच्या आवाजापेक्षा कैक पटींनी मोठा असतो.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. वूफर आणि ट्विटर वेगवेगळे मोजले तरी मायक्रोफोन जागचा हलता कामा नये आणि वेळेचा आरंभबिंदू दोन्ही मोजमापांना एकच असला पाहिजे. साउंड कार्डाचे एक चॅनेल परत स्वतःकडेच जोडून हा आरंभबिंदू मिळवता येतो. यूएसबी मायक्रोफोन वापरल्यास सॉफ्टवेअरमध्ये तशी वेगळी सोय शोधावी लागते. हे जमले नाही तर पातळीचे आलेख छान दिसतात, पण दोन पडद्यांमधला वेळेचा संबंध हरवतो आणि पुढचे सगळे अंदाजावर चालते.

जोड कुठे ठेवायचा? साडेसहा इंची वूफरचा प्रत्यक्ष हलणारा भाग सुमारे 13 सेंटिमीटर व्यासाचा असतो. तरंगलांबी तेवढीच होते ती 2600 हर्ट्झच्या आसपास. त्याच्या वर पडदा आवाज चहूकडे पसरवण्याऐवजी समोरच झोत टाकू लागतो. खालून मर्यादा ट्विटरची. त्याचा अनुनाद 800 हर्ट्झला असेल तर जोड निदान त्याच्या दुप्पट, म्हणजे 1600 हर्ट्झच्या वर ठेवण्याचा रिवाज आहे. कारण साधे आहे: आवाजाची पातळी तीच राखून वारंवारता निम्मी केली की पडद्याला चौपट अंतर हलावे लागते, आणि घुमटाची धाव जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. या दोन मर्यादांमध्ये 2000 हर्ट्झ नीट बसते. तिथे तरंगलांबी 17 सेंटिमीटर असते, तेव्हा दोन पडद्यांच्या केंद्रांमधले अंतर त्याहून कमी असलेले चांगले. ते जास्त असेल तर समोर सारे ठीक वाटते, पण श्रोता उठून उभा राहिला की त्या पट्ट्यातला आवाज विरतो.

उताराच्या बाबतीत आज लिंकविट्झ-रायली या नावाला पर्याय क्वचितच विचारला जातो. झिग्फ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतले अभियंते. मोजमापाची उपकरणे बनवणे हा त्यांचा व्यवसाय आणि स्पीकर हा छंद. लिंकविट्झ यांचा 1976 मधला निबंध असे दाखवतो की जोडाच्या वारंवारतेला प्रत्येक शाखा 6 डेसिबल खाली आणि दोघींची फेज एकच असेल, तर बेरीज सपाट येते आणि आवाजाचा झोत वर किंवा खाली कलत नाही. त्याआधी रुळलेल्या बटरवर्थ फिल्टरमध्ये प्रत्येक शाखा जोडाला फक्त 3 डेसिबल खाली असते, आणि तिथे बेरीज फेजवर अवलंबून डळमळते.

लिंकविट्झ-रायलीचा चौथ्या कोटीचा प्रकार दर सप्तकाला 24 डेसिबलने उतरतो. हा उतार कशासाठी हवा ते वूफरच्या एका खोडीवरून कळते. कडक शंकूचे वूफर बऱ्याचदा 5000 हर्ट्झच्या आसपास अचानक कडाडतात, आणि तिथे 10 डेसिबलचा सुळका दिसतो. 2000 हर्ट्झला तोडलेला 24 चा फिल्टर 5000 हर्ट्झला 32 डेसिबल खाली असतो, म्हणजे सुळका 22 डेसिबल खाली राहतो आणि सहसा त्रास देत नाही. 12 चा फिल्टर लावला तर तिथे फक्त 17 डेसिबलचा उतार मिळतो. सुळका अवघा 7 डेसिबल खाली राहतो आणि बासरीवर धातूची किनार चढते. 48 डेसिबलचे उतारही डीएसपीत एका टिचकीवर मिळतात. पण फार तीव्र उताराला दोन पडद्यांचा झोत एकदम बदलतो आणि जोडापाशी फेज झपाट्याने फिरते, तेव्हा उगाच तिथवर जाऊ नये.

इथेच फिल्टर आणि क्रॉसओव्हर यांतला फरक प्रत्यक्षात दिसतो. 24 चा उतार हवा तो मायक्रोफोनपाशी. ट्विटर 800 हर्ट्झखाली स्वतःच दर सप्तकाला साधारण 12 डेसिबलने घसरत असतो. त्यावर डीएसपीत पुन्हा 24 चा फिल्टर बसवला की एकूण घसरण तिथे 36 च्या घरात जाते, आणि तिच्याबरोबर फेजही जास्त वळते. ते वळण जोडापर्यंत जाणवते. उपाय असा: आधी प्रत्येक पडद्याचा मोजलेला आलेख जोडाच्या दोन्ही बाजूंना शक्यतो दोन-दोन सप्तके इक्वलायझरने सरळ करावा, त्यावर फिल्टर ठेवावा, आणि पुन्हा मोजून तो आलेख शुद्ध लिंकविट्झ-रायली वक्राशी ताडून पाहावा. कधी 12 चाच फिल्टर आणि पडद्याचा स्वतःचा उतार मिळून हवा तो 24 तयार होतो. स्क्रीनवरचे आकडे तेव्हा विचित्र दिसतात, वूफरला 1700 आणि ट्विटरला 2300 असेही. त्यात वावगे काही नाही. मायक्रोफोनसमोरचा वक्र योग्य असला की झाले. दुसऱ्याच्या पेटीचे आकडे उतरवून घेणे मात्र इथेच फसते, कारण ते त्या पडद्यांच्या आणि त्या पेटीच्या मापाचे असतात.

मग येतो विलंब. सपाट फळीवर बसवलेल्या वूफरची कॉइल ट्विटरच्या कॉइलपेक्षा थोडी मागे असते. समजा हा फरक 25 मिलिमीटर आहे. वेळेत तो जेमतेम 0.073 मिलिसेकंद होतो. 2000 हर्ट्झला मात्र तेवढ्यानेच फेजमध्ये 52 अंशांचे अंतर पडते. नेमक्या समोर त्यामुळे होणारी घट एक डेसिबलहूनही कमी, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी. खरा परिणाम दिशेवर होतो: दोन पडद्यांत 15 सेंटिमीटर अंतर असेल तर जोडाच्या आसपासचा झोत जवळजवळ साडेनऊ अंश खाली, वूफरच्या बाजूला कलतो. तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्यापाशी हा झोत अर्धा मीटर खाली गेलेला असतो. ट्विटरला 0.073 मिलिसेकंदांचा विलंब दिला की तो सरळ होतो. 48,000 नमुन्यांच्या यंत्रात एक नमुना म्हणजे सुमारे 7 मिलिमीटर, त्यामुळे ही दुरुस्ती पुरेशी बारकाईने करता येते.

विलंब बरोबर बसला की नाही हे पाहण्याची एक नामी युक्ती आहे. ट्विटरची ध्रुवता मुद्दाम उलटवायची आणि दोन्ही पडदे एकत्र मोजायचे. जोडापाशी दोन लहरी समान आणि विरुद्ध असल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि आलेखात खोल खड्डा पडतो. तो जितका खोल आणि दोन्ही बाजूंना सारखा, तितका जोड चांगला. 25 ते 30 डेसिबलचा खड्डा मिळाला तर समाधान मानायला हरकत नाही. मग ध्रुवता पुन्हा सरळ करायची. यात एक फसगत दडलेली असते: विलंब बरोबर एका आवर्तनाने, म्हणजे 2000 हर्ट्झला अर्ध्या मिलिसेकंदाने चुकला असेल, तरीही जोडाच्या बिंदूला खड्डा पडतो. मात्र तो एका बाजूला झुकलेला असतो आणि वरखाली आणखी वळणे दिसतात. म्हणून खड्ड्याबरोबर आवेग-प्रतिसादही डोळ्यांखालून घालावा, आणि मिळालेला विलंब पेटीच्या प्रत्यक्ष मापांशी जुळतो का ते पाहावे. दर सप्तकाला 12 डेसिबलचा लिंकविट्झ-रायली वापरला असेल तर नियम उलटतो. तिथे एक पडदा उलटा जोडल्यावरच बेरीज सपाट येते.

तबल्यावरचा ‘धा’ ही या कामाची कानाने घेता येणारी उत्तम परीक्षा आहे. डग्ग्याची घुमक वूफरमधून येते, चाटीवरच्या आघाताची धार बरीचशी ट्विटरमधून. जोड नीट बसला असेल तर बोल एका जागेवरून, एका क्षणी उमटतो. बिघडला असेल तर आघात आणि त्याचा देह सुटे वाटतात, आणि डोके वरखाली केले की आवाजाचा रंग बदलतो. गुलाबी आवाज, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखीच शक्ती असलेली सरसर, वाजवून हीच डोके हलवण्याची तपासणी आणखी निर्दयपणे करता येते.

आतापर्यंत गृहीत धरलेले फिल्टर आयआयआर प्रकारचे आहेत. आताचा नमुना, मागचे दोन नमुने आणि मागची दोन उत्तरे यांना ठरावीक गुणकांनी गुणून त्यांची बेरीज घेणारे हे गणित अगदी स्वस्तात होते, आणि त्याची फेज जुन्या ॲनालॉग मंडलासारखीच वळते. दुसरा प्रकार एफआयआर. त्यात हजारो गुणकांची रांग असते आणि पातळीला धक्का न लावता फेज सरळ करता येते. जाहिरातीत त्याचा फार गाजावाजा असतो, तो थोडा जपूनच ऐकावा. 10 हर्ट्झच्या बारकाईने काम करायचे तर 48,000 नमुन्यांच्या वेगाला सुमारे 4800 गुणक लागतात, आणि फेज सरळ ठेवणाऱ्या फिल्टरला त्यांच्या निम्मा, म्हणजे 50 मिलिसेकंद विलंब होतो. तेवढ्या वेळात आवाज 17 मीटर चालून जातो. घरी गाणे ऐकताना याने काही बिघडत नाही. रंगमंचावरच्या गायकाला मात्र स्वतःचा आवाज इतक्या उशिरा ऐकवता येत नाही. शिवाय तीव्र उताराच्या अशा फिल्टरमध्ये मूळ आघाताच्या आधीच एक बारीक थरथर उमटते. समोर ती दोन शाखांच्या बेरजेत नाहीशी होते, बाजूला बसणाऱ्याला उरते. 2000 हर्ट्झच्या साध्या जोडाला आयआयआर पुरेसा असतो. एफआयआरचा खरा उपयोग मोठ्या कर्ण्यांच्या रांगांमध्ये आणि वरच्या पट्ट्यातल्या बारीक दुरुस्तीत दिसतो.

जोड बसल्यावर एकूण सूर ठरवायचा. पेटीच्या पुढच्या फळीपेक्षा तरंगलांबी मोठी झाली की आवाज मागेही वळू लागतो आणि समोरची पातळी उतरते. फळी 23 सेंटिमीटर रुंद असेल तर या उताराचा मध्य 500 हर्ट्झच्या आसपास पडतो. मोकळ्या मैदानात तो 6 डेसिबलपर्यंत जातो. घरात मागची भिंत काही परत देते, म्हणून 3 ते 4 डेसिबलची भरपाई बहुधा पुरते. श्रोत्याच्या जागेवर मोजलेला आलेख मात्र काटेकोर सपाट करू नये. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी केलेल्या आंधळ्या श्रवणचाचण्यांतून असे दिसले, की ज्या पेट्या समोर सपाट असतात आणि बाजूला गुळगुळीत उतरत जातात त्या लोकांना आवडतात. अशी पेटी खोलीत मोजली की आलेख खर्जाकडून वर जाताना हळूहळू आपोआप उतरतो. तो जबरदस्तीने सरळ केला तर आवाज बोचरा होतो.

खर्जात खोलीचेच राज्य असते. समोरासमोरच्या भिंती 4 मीटरवर असतील तर 43 हर्ट्झला खोली स्वतः घुमते. अशी घूम इक्वलायझरने कापता येते आणि कापावीही. खोलीने पाडलेला खड्डा भरण्याचा हट्ट मात्र धरू नये: 9 डेसिबल वाढवायचे म्हणजे आठपट शक्ती ओतायची, आणि दोन लहरी एकमेकींना मारत असतील तर दोन्ही वाढतात, खड्डा तिथेच राहतो. त्यापेक्षा पेटी हातभर सरकवून पाहावी.

मांडवात किंवा मैदानावर जोड 100 हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे तरंगलांबी साडेतीन मीटरच्या घरात असते. बेसचे बॉक्स जमिनीवर आणि टॉप स्टँडवर किंवा टांगलेले, तेव्हा दोघांपासूनचे अंतर प्रत्येक खुर्चीला वेगळे पडते. विलंब एका जागेसाठीच अचूक जुळवता येतो. ती जागा साउंडवाल्याच्या मिक्सरपाशी न धरता श्रोत्यांच्या मध्यभागी धरलेली बरी. दूरवर लावलेल्या जादा स्पीकरच्या विलंबात हवामानही डोकावते, कारण ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसला सेकंदाला 0.6 मीटरने बदलतो. दुपारी 35 अंशांना 30 मीटरसाठी लावलेला विलंब रात्री 20 अंशांवर दोन मिलिसेकंदांनी चुकलेला असतो.

शेवटचा टप्पा लिमिटरचा. 8 ओहमच्या ट्विटरला सतत 50 वॉट झेपतात असे धरले, तर त्याच्या टोकांवर 20 व्होल्टपेक्षा जास्त जाता कामा नये. ॲम्प्लिफायरचा गेन 26 डेसिबल, म्हणजे 20 पट असेल, तर डीएसपीच्या आउटपुटला ही मर्यादा 1 व्होल्टला पडते. सरासरी शक्तीवर नजर ठेवणारा लिमिटर सावकाश चालतो आणि कॉइलला तापण्यापासून वाचवतो. क्षणिक टोके अडवणारा लिमिटर झटपट चालतो आणि पडद्याची धाव आवरतो. दोन्ही हवेत, आणि प्रत्येक शाखेला वेगळे हवेत. बेससाठी 30 हर्ट्झच्या आसपास एक हाय-पास फिल्टरही लावावा, कारण उघड्या पोर्टच्या पेटीत पोर्टच्या सुराखाली पडद्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. हे लिमिटर फक्त स्पीकरचे रक्षण करतात. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मानकापेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा एकूण 75 डेसिबल, यांतले जे कमी ते, अशी मर्यादा भारताच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि 50 वॉटला लावलेल्या लिमिटरला तिचा पत्ताही नसतो.

सगळे जुळल्यावर प्रीसेट साठवून त्याची एक प्रत वेगळी ठेवावी आणि यंत्राला कुलूप-संकेत लावावा. मोजमापाच्या फायलीही त्याच्याबरोबर ठेवाव्यात. ट्विटरचा डायफ्रॅम बदलला, वूफरला नवा शंकू बसवला किंवा ॲम्प्लिफायर दुसऱ्या गेनचा आला, तर जुना प्रीसेट उघडण्याआधी नवा आलेख जुन्यावर ठेवून पाहावा लागतो. दोन्ही एक डेसिबलच्या आत जुळले तर आकडे तेच ठेवता येतात. नाही जुळले, तर पातळी आणि विलंबापासून काम पुन्हा करायचे.